गिटहब सीएलआय: स्क्रिप्टमधून रिमोट रेपॉझिटरी तयार करताना

नवा प्रकल्प सुरू करताना फोल्डरमध्ये गिट (फाइल्समधल्या बदलांची नोंद ठेवणारे साधन) सुरू करायचे, मग ब्राउझर उघडून गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर त्याच नावाची रिकामी रेपॉझिटरी (प्रकल्पाचा कोड ठेवण्याची जागा) बनवायची, तिचा पत्ता टर्मिनलमध्ये आणून चिकटवायचा आणि शेवटी पुश करायचे, म्हणजे कोड तिथे पाठवायचा, हे सगळे एका शेल स्क्रिप्टकडे (एकामागून एक कमांड चालवणाऱ्या फाइलकडे) सोपवावे असे कोणालाही वाटेल. गिटहबचे अधिकृत कमांड लाइन साधन, ज्याला टर्मिनलमध्ये नुसते ‘जीएच’ म्हणतात, या एका कामासाठी कितपत उपयोगी पडते, एवढ्यापुरतेच हे परीक्षण आहे.

या साधनाची पहिली स्थिर आवृत्ती सप्टेंबर 2020 मध्ये आली. त्याआधी अशा अनेक स्क्रिप्ट ‘कर्ल’ हे वेब विनंत्या पाठवणारे साधन वापरून गिटहबच्या एपीआयला (प्रोग्रॅमसाठीच्या प्रवेशमार्गाला) थेट विनंती पाठवत, आणि त्यांतल्या कित्येकांमध्ये वापरकर्त्याचे नाव व पासवर्ड सरळ लिहिलेले असत. नोव्हेंबर 2020 मध्ये एपीआयसाठी पासवर्ड स्वीकारणे बंद झाले आणि पासवर्डच्या जागी टोकन, म्हणजे गिटहबने दिलेली गुप्त किल्ली, आले. पण टोकन जर कमांडमध्येच लिहिले, तर ते शेलच्या हिस्टरीत राहते आणि कमांड चालू असताना त्याच यंत्रावरील इतरांना प्रोसेसच्या यादीतही दिसू शकते. कर्लची दुसरी अडचण माझ्या मते अधिक घातक आहे. त्या नावाची रेपॉझिटरी आधीच असेल तर सर्व्हर 422 हा नकाराचा कोड परत करतो, मात्र वेगळी सूचना दिलेली नसेल तर कर्ल स्वतः यशस्वी झाल्याचेच कळवतो. त्यामुळे चूक येताच थांबण्याची तजवीज केलेली स्क्रिप्टसुद्धा न थांबता पुढे जाते आणि भलत्याच रेपॉझिटरीवर पुश करू पाहते.

जीएचमध्ये या दोन्ही गोष्टी नीट हाताळल्या आहेत. लॉगिन एकदाच करायचे असते, आणि अलीकडच्या आवृत्त्यांत टोकन शक्यतो ऑपरेटिंग सिस्टीमच्या सुरक्षित साठ्यात ठेवले जाते, त्यामुळे स्क्रिप्टमध्ये गुपित असे काही उरतच नाही. ‘जीएच रेपो क्रिएट’ या कमांडला नाव, प्रायव्हेट की पब्लिक हे, सोर्स म्हणून चालू फोल्डर आणि सोबत पुशचा पर्याय दिला, की रेपॉझिटरी तयार होते, ओरिजिन नावाचा रिमोट (दूरच्या रेपॉझिटरीचा पत्ता) जोडला जातो आणि कोड वर जातो. काही फसलेच तर कमांड शून्येतर कोड (अपयशाची खूण) देऊन बाहेर पडते. रेपॉझिटरी कोणाला दिसावी हे स्क्रिप्टमध्ये स्पष्ट सांगावेच लागते. खासगी कोड नजरचुकीने उघडा पडू नये यासाठी ही सक्ती मला अगदी योग्य वाटते. डिलीट करण्याची परवानगी नेहमीच्या लॉगिनमध्ये मिळत नाही, ती वेगळी मागून घ्यावी लागते, हाही तितकाच समंजस निर्णय आहे.

उणिवाही आहेत. फोल्डरमध्ये एकही कमिट (गिटमध्ये केलेली बदलांची नोंद) नसेल तर पुशचा पर्याय चालत नाही, म्हणून पहिली कमिट स्क्रिप्टनेच आधी करून ठेवावी लागते. सोर्स दिल्यावर लायसन्स किंवा गिटइग्नोर (गिटने कोणत्या फाइल्स वगळाव्यात याची यादी) यांचे तयार पर्याय वापरता येत नाहीत, त्या फाइल्स आपणच लिहायच्या. खरी गैरसोय होते ती स्क्रिप्ट पुन्हा चालवताना. रेपॉझिटरी तयार झाली आणि नेमके पुशच्या वेळी नेटवर्क गेले, तर पुढच्या वेळी तीच कमांड ‘हे नाव आधीच आहे’ असे सांगून अडते, आणि उरलेले काम तसेच राहते. यासाठी आधी ‘जीएच रेपो व्ह्यू’ने रेपॉझिटरी आहे का ते पाहावे, असल्यास फक्त रिमोट तपासून पुश करावे आणि नसल्यासच क्रिएटकडे वळावे, ही चार ओळींची तपासणी स्क्रिप्टमध्ये घातल्याशिवाय ती कोणाच्या हाती देऊ नये.

हे साधन फक्त गिटहबपुरते आहे, हेही लक्षात घ्यावे. गिटलॅब या गिटहबसारख्याच दुसऱ्या सेवेवर तर अस्तित्वात नसलेल्या पत्त्यावर थेट गिट पुश केले तरी पुरेशी परवानगी असल्यास प्रकल्प आपोआप तयार होतो, आणि तोही मुळात प्रायव्हेट. गिटहबने एवढी सोय दिली असती, तर या कामासाठी वेगळे साधन इन्स्टॉल करण्याची गरजच पडली नसती.