मतदार यादीचे अर्ज भरून देणारे आमच्या भागातले दुकान: तीन फेऱ्यांनंतरचे मत

इंदूरच्या रामबागेपासून चालत दहा मिनिटांच्या अंतरावर आधार, पॅन, पासपोर्ट आणि नोकरभरतीचे अर्ज भरून देणारे एक छोटे दुकान आहे. दोन संगणक, एक प्रिंटर, एक झेरॉक्स यंत्र आणि बाहेर चार प्लास्टिकच्या खुर्च्या एवढाच त्याचा पसारा आहे. नोव्हेंबर आणि डिसेंबर २०२५ या दोन महिन्यांत मला या दुकानात तीनदा जावे लागले, आणि या सेवेविषयी सविस्तर लिहावे असे तेव्हापासून मनात होते. दुकानाचे नाव मी देत नाही, कारण मला ते बंद पडायला नको आहे, त्याच्यात सुधारणा व्हायला हवी आहे. शिवाय ज्यांच्या घरी संगणक नाही अशा आमच्या गल्लीतील अनेक वृद्धांना त्याच्याशिवाय दुसरा आधार नाही.

निवडणूक आयोगाने २७ ऑक्टोबर २०२५ रोजी मध्य प्रदेशासह बारा राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांत मतदार यादीचे विशेष सखोल पुनरीक्षण जाहीर केले, ज्याला आता घरोघरी एसआयआर म्हणतात. ४ नोव्हेंबरपासून बीएलओ, म्हणजे मतदान केंद्राच्या यादीचे काम पाहणाऱ्या कर्मचारी, घरी येऊन प्रत्येक मतदाराच्या नावाचे, छायाचित्र आणि क्यूआर कोड छापलेले गणना पत्रक दोन प्रतींत देऊ लागल्या. पत्रक विनामूल्य होते आणि या टप्प्यावर कोणतेही कागदपत्र जोडायचे नव्हते. मात्र खालच्या दोन चौकटींत स्वतःचा किंवा आईवडिलांसारख्या जवळच्या नातेवाइकाचा मागील पुनरीक्षणाच्या यादीतला तपशील, म्हणजे मतदारसंघ, भाग क्रमांक आणि अनुक्रमांक, लिहायचा होता. मध्य प्रदेशात ती यादी २००३ ची आहे. आमच्या बीएलओ अंगणवाडी सेविका आहेत. त्या तीनदा आल्या, प्रत्येक वेळी सौजन्याने बोलल्या, पण एका मतदान केंद्रावर बाराशेपर्यंत मतदार असताना प्रत्येकाचा बावीस वर्षांपूर्वीचा अनुक्रमांक त्यांनीच शोधून द्यावा ही अपेक्षा कोणी करू नये. त्यामुळे लोक दुकानाकडे वळले.

माझ्या सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. माहेरी त्या सांगलीच्या कमल. १९६८ मध्ये लग्न होऊन इंदूरला आल्या, ताटातल्या तांदळात अंगठीने त्यांचे नवे नाव लिहिले गेले आणि त्या दिवसापासून त्या सुनंदा काळे झाल्या. पहिल्या फेरीत दुकानातल्या तरुण मुलाने मी सांगितले तसे नाव टंकले, नंतर हिंदी वळणाने 'काले' असे टंकले, आणि दोन्ही वेळा काही सापडले नाही तेव्हा दोन मिनिटांत निकाल दिला की माताजींचे नाव २००३ च्या यादीत नाही, आता नोटीस येईल, शपथपत्र करून ठेवा, तीनशे रुपये होतील. त्याच्या स्वरात उद्धटपणा नव्हता, बाहेर रांग होती एवढेच. पण १९७१ पासून एकही मतदान न चुकवलेल्या बाईला खुर्चीवर बसवून, तुमचे नाव नाही, असे सांगताना जी थोडी काळजी घ्यायला हवी, ती त्याने घेतली नाही. घरी परतताना सासूबाई रस्त्यात एकच वाक्य बोलल्या: "अगं, मग तेव्हा मी मत दिलं ते कुणाच्या नावाने?"

दुसऱ्या फेरीला मी संध्याकाळी गेले, तेव्हा काउंटरवर मालकांचे वडील बसले होते. त्यांनी नाव विचारलेच नाही. चष्मा पुसत त्यांनी सासूबाईंना विचारले, "माताजी, तब वोट डालने कौन-से स्कूल जाते थे?" आम्ही त्या काळी जुनी इंदूर भागात भाड्याच्या घरात राहत होतो. सासूबाईंना शाळा आठवली, शाळेच्या दारातले कडुलिंबाचे झाडही आठवले. २००८ च्या पुनर्रचनेत मतदारसंघांच्या सीमा बदलल्यामुळे आजच्या क्रमांकावरून जुना भाग सापडत नाही, हे त्या गृहस्थांना ठाऊक होते, म्हणून त्यांनी शाळेच्या नावावरून भाग काढला आणि स्कॅन केलेली, तिरकी आलेली पाने एकेक करून पडद्यावर मोठी करत नेली. चौदाव्या पानावर घर क्रमांकापुढे ओळ होती: सुनन्दाबाई काले, पति दत्तात्रय, वय ५३. खरे वय तेव्हा छप्पन्न होते, नावाला 'बाई' जोडलेले होते, 'न्द' जोडाक्षराने लिहिला होता, आणि ळ चा ल झालेला होता. शोधपेटीला यातले काहीच जुळवता आले नव्हते. त्या गृहस्थांना मात्र घर क्रमांक आणि पतीचे नाव एवढे पुरले. त्यांनी पानाची प्रत काढली, ओळीखाली पेन्सिलने रेघ मारली, आणि तीस रुपये घेतले. या दुकानाची खरी सेवा ती हीच, आणि तिच्यासाठी मी तिप्पट पैसेही आनंदाने दिले असते.

ळ च्या या गोष्टीकडे माळव्यातल्या मराठी घरांनी गांभीर्याने पाहावे असे मला वाटते. इथल्या याद्या हिंदीत आहेत, म्हणून काळे, मुळे, टिळक ही आडनावे प्रत्येक कारकुनाच्या कानाप्रमाणे वेगळी उतरतात, आणि बायकांच्या बाबतीत त्यावर माहेर आणि सासर अशा दोन नावांचे ओझे चढते. हे ओझे आजचे नाही. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून वगळावी लागली होती, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता 'अमक्याची पत्नी' किंवा 'तमक्याची आई' एवढेच लिहवले होते आणि तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांना तशी नोंद मान्य नव्हती. अशा नोंदी ज्या राज्यांत जास्त होत्या त्यांत आपले मध्य भारत राज्य होते, म्हणजे इंदूर आणि ग्वाल्हेर. ज्या शहराने चिपळूणहून सून म्हणून आलेल्या सुमित्राताई महाजन यांना १९८९ पासून सलग आठ वेळा लोकसभेत पाठवले, त्या शहरात बाईचे नाव यादीत बरोबर उतरणे ही बारीकसारीक बाब नाही.

आता दुकानाच्या सर्वांत गंभीर चुकीविषयी. माझी नणंद गेली अठरा वर्षे अमेरिकेत न्यू जर्सीला आहे आणि तिने तिथले नागरिकत्व घेतले आहे. नागरिकत्व अधिनियम, १९५५ च्या कलम ९ प्रमाणे स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व संपते, आणि परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डाने मताचा अधिकार मिळत नाही. तरीही तिचे नाव इंदूरच्या यादीत तसेच होते आणि तिच्या नावाचे पत्रकही घरी आले. ते परत कसे करायचे हे विचारायला मी तिसऱ्यांदा गेले, तेव्हा त्या तरुणाने सहज सुचवले की भरून टाकू, नातेवाईक म्हणून तुम्ही सही करा, नाव राहिले तर काय बिघडते. त्याला वाटत होते की तो मला मदत करतो आहे. पण पत्रकाच्या तळाशी प्रतिज्ञापन आहे, आणि मतदार यादीसाठी खोटे प्रतिज्ञापन करणे हा लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० च्या कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैदेचा गुन्हा आहे. दिवसाला शंभर अर्ज हाताळणाऱ्या माणसाला हे ठाऊक नसावे, याने मी अस्वस्थ झाले. मी पत्रक बीएलओंना परत दिले आणि नाव वगळायला सांगितले. म्हणजे एकाच घरातून एक नाव रास्तपणे गेले आणि दुसरे, जे राहायलाच हवे होते, ते दोन मिनिटांच्या घाईत जवळजवळ गेले होते. या सेवेची पारख या दोन नावांवरूनच करायला हवी.

त्या रात्री नणंदेचा फोन आला. मी तिला सगळे सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "वहिनी, आमच्याकडेही सध्या याच गोष्टीवर भांडण चालू आहे." अमेरिकेत २००१ च्या हल्ल्यांनंतर बावीस यंत्रणा एकत्र करून होमलँड सिक्युरिटी विभाग उभा राहिला. देशाची सीमा, स्थलांतरितांवरची कारवाई, आणि आता मतदाराचे नागरिकत्व तपासणारी माहितीप्रणाली, हे सगळे त्या एका विभागाकडे आहे. ४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या कायद्याने सीमा आणि स्थलांतराच्या अंमलबजावणीसाठी सुमारे १७० अब्ज डॉलरची तरतूद केली, त्यातले सुमारे ७५ अब्ज स्थलांतरितांची धरपकड करणाऱ्या आयसीई या एकट्या यंत्रणेला आहेत. त्याआधी, १० एप्रिल २०२५ रोजी, प्रतिनिधिगृहाने २२० विरुद्ध २०८ मतांनी सेव्ह ॲक्ट नावाचे विधेयक मंजूर केले होते. मतदार म्हणून नोंदणी करताना पासपोर्ट किंवा जन्मदाखल्यासारखा नागरिकत्वाचा कागद दाखवावा, अशी त्याची अट आहे. आजवर तिथे शपथेवर नागरिकत्व सांगणे पुरत असे, आणि खोटे सांगितल्यास शिक्षा होती.

विधेयकाच्या बाजूने बोलणारे म्हणतात की मत फक्त नागरिकाचे असावे, आणि त्यांचे हे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. नणंदेचे नाव मी वगळायला सांगितले ते याच कारणाने. परंतु तिच्या कार्यालयातल्या, लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांना काळजी पडली आहे, कारण जन्मदाखल्यावर एक नाव आहे आणि ओळखपत्रावर दुसरे. अशा तफावतीसाठी राज्यांनी वेगळी सोय करावी असे विधेयकात म्हटले आहे खरे, पण त्या सोयीसाठी राज्यांना पैसे दिलेले नाहीत, आणि कागदाशिवाय नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्याला मात्र शिक्षेची तरतूद आहे. शिक्षेची भीती असलेला कारकून शंका आली की नाहीच म्हणेल. कॅन्सस राज्यात हा प्रयोग आधी होऊन गेला आहे. तिथे २०१३ पासून कागदाची अट लागू झाली, सुमारे ३१ हजार लोकांची नोंदणी अडली, आणि न्यायालयापुढे एकोणीस वर्षांत नोंदणी झालेले परदेशी नागरिक निघाले एकोणचाळीस. २०१८ मध्ये न्यायालयाने ती अट रद्द केली. नणंदेकडे अमेरिकन पासपोर्ट आहे, तिचे काही अडणार नाही. अडेल ते आपल्याच गावात जन्मलेल्या, पासपोर्ट कधी न काढलेल्या बाईचे, आणि हे ऐकताना मला चौदाव्या पानावरची पेन्सिलची रेघ आठवत होती. पकडण्यासाठी जेवढा पैसा लावला जातो, त्याचा लहानसा वाटा जरी शोधून देणाऱ्या माणसावर लावला, तर दोन्ही देशांतले निम्मे भांडण मिटेल असे माझे ठाम मत झाले आहे. आपल्याकडे बीएलओंचे वार्षिक मानधन २०२५ मध्ये सहा हजारांवरून बारा हजार रुपये झाले. ही वाढ स्वागतार्ह आहे, पण महिन्याला हजार रुपयांत कोणी तिरकी पाने वाचत बसावे ही अपेक्षा अजूनही फार मोठी आहे.

दुकानाच्या दरांबाबत तक्रार नाही. जुनी यादी शोधण्याचे तीस रुपये, ऑनलाइन पत्रक भरून देण्याचे पन्नास आणि प्रिंटचे पाच रुपये पान, हे दर भिंतीवर लावलेले आहेत. पत्रक विनामूल्य आहे आणि बीएलओंकडे थेट देता येते, हेही त्याच फलकावर लिहावे, अशी विनंती मी केली. मालकांनी ती मान्य केली, पण आठ दिवसांनी पाहिले तेव्हा फलक तसाच होता. कागदपत्रांच्या गोपनीयतेबाबत मात्र मी कठोरपणे लिहीन. मला मिळालेली पावती एका पाठकोऱ्या कागदावर छापलेली होती आणि मागच्या बाजूला कुणा अनोळखी बाईच्या आधार कार्डाची फिकट आलेली प्रत होती, छायाचित्र आणि पूर्ण क्रमांकासह. बिघडलेल्या प्रती फाडून टाकण्याऐवजी त्यांचा गठ्ठा पावत्यांसाठी वापरला जात होता. मी तो कागद तिथेच फाडला आणि गठ्ठा दाखवायला लावला. ग्राहकांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेली कागदपत्रेही काम झाल्यावर पुसली जात नाहीत, हे त्या मुलाने स्वतःच सांगितले. ज्या दुकानात अख्ख्या मोहल्ल्याची ओळख जमा होते, तिथे एक कागद फाडण्याचे यंत्र असायलाच हवे.

पत्रके भरण्याची मुदत आमच्याकडे १८ डिसेंबरपर्यंत वाढली आणि २३ डिसेंबरला प्रारूप यादी आली. राज्यात सुमारे ४२ लाख नावे कमी झाली. त्यांत मृत, स्थलांतरित, गैरहजर आणि दुबार अशी कारणे नोंदलेली आहेत, आणि माझ्या नणंदेसारखी रास्तपणे गेलेली नावेही असणार. सासूबाईंचे नाव यादीत आहे. त्यांनी ते स्वतः भिंग घेऊन वाचले आणि 'काले' वर बोट ठेवून विचारले की हा ल आता तरी बदलता येईल का. दुरुस्तीसाठी फॉर्म ८ असतो, तो मी बीएलओंकडूनच घेतला आणि घरी बसून भरला.

या दुकानात जायचे असेल तर सकाळी जाऊ नये. वडील संध्याकाळी सातनंतर काउंटरवर बसतात, नऊपर्यंत असतात, आणि रविवारी येत नाहीत. जुनी नोंद शोधायची असल्यास तेव्हाचा घर क्रमांक, घरातल्या कर्त्या पुरुषाचे यादीतले नाव आणि मतदानाला जात होतो त्या शाळेचे नाव कागदावर लिहून न्यावे, आणि निघताना आपल्या कागदांची प्रत्येक बिघडलेली प्रत मागून घ्यावी.