ज्या शाळेत शिकवलं, तिचा माझ्याशी करारच नव्हता

बँकॉकजवळची एक भाषाशाळा आणि तिच्यासाठी इथून माणसं गोळा करणारा दादरचा एक एजंट, या दोघांच्या सेवेबद्दल लिहितेय. थायलंड, व्हिएतनाम, चीनमध्ये इंग्रजी शिकवायला जायचा विचार करणाऱ्या मुंबई-ठाणे-कल्याणकडच्या शिक्षकांनी हे पैसे भरायच्या आधी वाचावं, एवढ्यासाठी. पाचपैकी दोन तारे देते. पगार कधी थकला नाही, हा एक. दुसरा तिथल्या कोऑर्डिनेटर बाईंचा. त्यांच्याबद्दल पुढे येईलच.

मी मुलुंडच्या एका विनाअनुदानित शाळेत इंग्रजी शिकवत होते. स्वतः दहावीपर्यंत मराठी माध्यमात, मग मुंबई विद्यापीठातून बी.ए. आणि बी.एड. इंग्रजी घरात ऐकलेलं नव्हतं, शिकून आलेलं होतं. त्यामुळे मूल नेमकं कुठे अडखळतं ते मला लवकर कळतं, आणि हाच माझा खरा अनुभव आहे असं मी मुलाखतीतही सांगितलं होतं.

आधी एजंट. कागदपत्रांचं काम त्याने बरं केलं. थायलंड अपॉस्टिल करारात (एका शिक्क्यावर कागद सगळ्या सदस्य देशांत चालतो, तो करार) नाही, त्यामुळे भारताने 2005 मध्ये ती पद्धत स्वीकारली असली तरी थायलंडसाठी तिचा उपयोग होत नाही. पदवी परराष्ट्र मंत्रालयाकडून साक्षांकित करून पुन्हा थायलंडच्या वाणिज्य दूतावासात न्यावी लागते. शिवाय पासपोर्ट ऑफिसकडून पोलिसांचा दाखला, आणि आपण 'नेटिव्ह', म्हणजे इंग्रजी मातृभाषा असलेल्या, देशांतले नसल्यामुळे इंग्रजीच्या परीक्षेचे गुण. कुठला कागद कुठल्या क्रमाने न्यायचा हे त्याला पाठ होतं. पण फी किती, तर प्रत्येक भेटीत वेगळी, आणि पावती मागितली की 'मॅडम, सगळं होईल' एवढंच उत्तर. परदेशातल्या नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाची 1983 च्या कायद्याखाली नोंदणी लागते, आणि नोंदणी असलेल्यालाही 30,000 रुपये आणि त्यावर जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. मी हा नियम त्याच्यासमोर ठेवला तेव्हा आकडा खाली आला आणि पावतीही निघाली. नियम माहीत नसलेल्या मुलींकडून तो किती घेत असेल, या विचाराने मला आजही राग येतो.

भाषाशाळेशी झालेल्या माझ्या करारात एका शाळेचं नाव होतं. नॉनथबुरीतली सरकारी माध्यमिक शाळा, नदीपासून जवळ. मी नकाशावर ती शोधून आईला दाखवली होती. तिथे पोहोचल्यावर भाषाशाळेच्या ऑफिसात वेळापत्रक हातात आलं त्यात तीन शाळा होत्या. सोमवार-मंगळवार ती माध्यमिक, बुधवार-गुरुवार नदीपलीकडची प्राथमिक, शुक्रवारी एक खाजगी बालवाडी. आणि शनिवारी सकाळी भाषाशाळेचे स्वतःचे वर्ग.

ही व्यवस्था चालते कशी, ते मला तिथल्या सहकाऱ्यांकडून हळूहळू कळलं. शाळेला परदेशी शिक्षक हवा असतो, कारण पालक इंग्रजीच्या खास वर्गासाठी वेगळी फी भरतात. पण व्हिसा, वर्क परमिट, दर 90 दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवणं, हे सांभाळायला शाळेकडे माणूस नसतो. मग ती भाषाशाळेशी ठोक रकमेचा करार करते. शाळेने एका शिक्षकामागे महिन्याला इतके द्यायचे, त्यातून भाषाशाळेने शिक्षकाला पगार द्यायचा, उरेल ते तिचं. शिक्षक आजारी पडला तर बदली शिक्षक तिने पाठवायचा. शाळेच्या बाजूने बघितलं तर यात गैर वाटत नाही, आणि तिथल्या मुख्याध्यापकांना मी दोष देत नाही. पण या रचनेत ज्या वर्गात मी उभी होते त्या वर्गाची शाळा माझी कोणीच नव्हती.

याचा अर्थ पहिल्यांदा कळला तो वर्क परमिट हातात आलं तेव्हा. नियोक्ता भाषाशाळा, कामाचं ठिकाणही तिचाच पत्ता. तीन शाळांपैकी एकीचंही नाव नाही. मी विचारलं, तर 'सगळ्यांचं असंच असतं.' परवान्याविना किंवा परवान्यात न बसणारं काम केलं तर तिथल्या कायद्याने कामगाराला 5,000 ते 50,000 बाट दंड आणि वर देशाबाहेर पाठवणी आहे. मालकाला एका कामगारामागे 10,000 ते 1,00,000 बाट. दंडाची ही कलमं भाषाशाळेच्या ऑफिसात सगळ्यांना माहीत होती. शाळेत तपासणी असली की त्या दिवशी आम्हाला 'ऑफिसला या' असा निरोप यायचा. मुलांचा तास बुडायचा.

दुसरा कागद त्याहून महत्त्वाचा. तिथे शिक्षकी पेशाचा परवाना नसलेल्या परदेशी शिक्षकासाठी खुरुसफा, म्हणजे त्यांची शिक्षक परिषद, तात्पुरती परवानगी देते. साधारण दोन वर्षांची असते आणि ती शाळेने मागायची असते. माध्यमिक शाळा म्हणाली, ते एजन्सी, म्हणजे भाषाशाळा, बघते. एजन्सी म्हणाली, ते शाळा बघते. माझे कागद दोन ऑफिसांच्या मध्ये पडून राहिले. बी.एड. झालेल्या, वर्गात रोज उभ्या राहणाऱ्या बाईची शिक्षक म्हणून त्या देशात कुठेच नोंद नव्हती.

पैशांचं सांगते. महिना 32,000 बाट ठरले होते आणि ते वेळेवर आले. पण शाळा चालू असेल तेवढ्याच महिन्यांचे. थायलंडचं शैक्षणिक वर्ष मेच्या मध्यावर सुरू होतं, ऑक्टोबरमध्ये सहामाहीची सुट्टी, मार्चपासून मोठी सुट्टी. ऑक्टोबरला अर्धा पगार, एप्रिलला शून्य. भाडं मात्र एप्रिलचंही द्यावं लागतं. त्याच माध्यमिक शाळेत थेट नेमलेल्या फिलिपिनो सरांना बारा महिने पगार होता. आम्ही एकाच मजल्यावर, शेजारच्या वर्गांत शिकवत होतो.

पगाराच्या स्लिपमध्ये दोन कपाती होत्या. एक सामाजिक सुरक्षेची: पगाराच्या 5 टक्के, पण त्या वेळी 15,000 बाटच्या मर्यादेवर धरून, म्हणजे 750 बाट. दुसरी 3 टक्के कराची. या दोन्ही एकत्र बसत नाहीत. सामाजिक सुरक्षा कापली जाते ती कर्मचाऱ्याची; तो सरसकट 3 टक्के कर सेवा पुरवणाऱ्या बाहेरच्या माणसाच्या बिलावर कापतात. मी यातली नेमकी कोण, असं अकाउंटच्या मुलीला विचारलं. तिने साहेबांकडे बोट दाखवलं, साहेब मीटिंगमध्ये होते.

उत्तर पावसाळ्यात मिळालं. प्राथमिक शाळेत तिसऱ्या तासाला अंगात कणकण भरली, संध्याकाळी ताप चढला, डेंग्यू निघाला. हॉस्पिटलच्या खिडकीत पासपोर्ट आणि स्लिप दाखवली. तिथल्या बाईंनी नंबर टाकून बघितला, पुन्हा बघितला, आणि मान हलवली. माझं नाव नोंदलेलंच नव्हतं. महिनोन् महिने 750 बाट कापले जात होते आणि ते कुठे जात होते ते मला आजतागायत कोणी सांगितलेलं नाही. सलाईन लावून पडले असताना अनामत रक्कम भरली ती प्राथमिक शाळेतल्या चौथीच्या वर्गशिक्षिकेने, स्वतःच्या पर्समधून. तिचा माझ्याशी ना करार, ना नातं. रात्री कोऑर्डिनेटर बाई आल्या, भाताची पेज घेऊन. दोन दिवस ऑफिसात भांडून त्यांनी बिलाचा अर्धा भाग एजन्सीकडून काढला. त्या नसत्या तर मी त्याच आठवड्यात विमानात बसले असते. भाषाशाळेने त्यांना चांगला पगार द्यावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

एक गोष्ट मात्र मी कधीच माफ करणार नाही. बालवाडीत पालकसभा होती. आदल्या दिवशी ऑफिसातून फोन आला: 'कुठून आलात असं विचारलं तर लंडनचं सांगा, तिथेही भारतीय असतातच.' मी नाही म्हटलं. सभेत एका आजोबांनी विचारलं आणि मी सांगितलं, भारत, मुंबई. त्यांनी पुढे एवढंच विचारलं की नातीला घरी काय वाचून दाखवू. बाकी कोणी काही बोललं नाही. पालकांना नको होतं ते एजन्सी विकत होती, आणि त्यासाठी माझं गाव, माझं विद्यापीठ, माझी मातृभाषा पुसायला निघाली होती. पगाराच्या तक्त्यातही ब्रिटिश-अमेरिकन, मग फिलिपिनो आणि भारतीय, अशा पायऱ्या होत्या. पदवी, अनुभव यांना तिथे रकानाच नव्हता.

मुलांबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण नुकसान त्यांचं सगळ्यात मोठं आहे. थाई मुलं इंग्रजी शब्दाचं शेवटचं व्यंजन गिळतात. 'हाऊस'चं 'हाऊ' होतं, 'लाइक'चं 'लाय'. हे ओरडून सुधारत नाही. रोज पाच मिनिटं, तेच तेच, टाळ्या वाजवत, महिनोन् महिने करावं लागतं. आठवड्यातून दोन दिवस येणाऱ्या आणि सहामाहीला बदलणाऱ्या शिक्षकाकडून ते होत नाही. माध्यमिकच्या एका वर्गाने मला मोजून दाखवलं होतं, त्यांनी किती 'टीचर' बघितले. प्रत्येकाने पहिल्या दिवशी त्यांना नाव आणि आवडता रंग विचारला होता. पंचेचाळीस मुलांच्या त्या वर्गाला आवडता रंग अस्खलित सांगता येत होता, आणि काल काय केलं हे सांगता येत नव्हतं.

थायलंडपुरतं हे नाही. जपानमध्ये परदेशातून सहायक शिक्षक आणायचा सरकारचा जेट कार्यक्रम 1987 पासून आहे, पण अनेक नगरपालिका आता सहायक शिक्षक कंपन्यांकडून घेतात. काही करार असे असतात की कायद्याने वर्गातल्या जपानी शिक्षकाने त्या सहायकाला थेट सूचनाच द्यायची नाही, ती कंपनीमार्फत जायला हवी. एका वर्गात उभ्या असलेल्या दोन शिक्षकांनी आपसात बोलायचं नाही! आठवड्याचे 29.5 तास हा आकडाही तिथल्या करारांत वर्षानुवर्षं दिसतो, कारण 30 तासांच्या आसपास विम्याची जबाबदारी सुरू व्हायची. चीनमध्ये परवान्यातल्या शाळेऐवजी दुसरीकडे शिकवताना सापडलात तर दंड 5,000 ते 20,000 युआन, आणि प्रकरण गंभीर ठरलं तर 5 ते 15 दिवस कोठडी. दंड भरणार तुम्ही. तुम्हाला तिथे पाठवणाऱ्याच्या गाडीत बसून तुम्ही गेलेले असता.

आपल्याकडच्या वाचकांना हे फार परकं वाटू नये. कॉलेजांत तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांना मे महिना कसा जातो ते विचारा. 2023 मध्ये राज्य सरकारने खाजगी एजन्सींमार्फत पदं भरायचा निर्णय काढला होता, आणि विरोध झाल्यावर ऑक्टोबरमध्ये तो रद्द केला. त्या वेळी माझे जुने सहकारी रस्त्यावर उतरले होते, त्यांचं म्हणणं मला बँकॉकमध्ये बसून अक्षर न् अक्षर पटत होतं.

तरीही जायचं असेल तर जा. शिकवायला तो देश छान आहे, मुलं लाघवी आहेत. फक्त सही करण्याआधी लेखी मागा: वर्क परमिटवर कामाचं ठिकाण काय असेल, शिक्षक परिषदेची परवानगी कुठली शाळा मागणार, एप्रिलचा पगार कोण देणार, आणि सामाजिक सुरक्षेचा तुमचा नोंदणी क्रमांक पहिल्या महिन्यात मिळणार का. एजंटाची नोंदणी केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट या साइटवर बघता येते. बीकेसीतल्या विदेश भवनात, म्हणजे परराष्ट्र मंत्रालयाच्या मुंबईतल्या कार्यालयात, त्याची चौकशी करता येते, जायला अर्धा दिवस पुरतो. नोकरी सुटली की मुक्कामाची परवानगीही सुटते आणि नंतरच्या प्रत्येक दिवसाला 500 बाट दंड चढतो, म्हणून परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळे ठेवा. ते एजंटाकडे देऊ नका.

गेल्या महिन्यात कल्याणहून दोघींचा फोन आला, त्याच एजंटाकडे नाव घातलेल्या. वरचे चारही प्रश्न त्यांनी ईमेलने पाठवले. एकीला शाळेच्या लेटरहेडवर उत्तर आलं, परमिट शाळेच्याच नावाने निघणार आहे. ती मेमध्ये जातेय. दुसरीला उत्तरच आलं नाही. तिने एजंटाकडून पासपोर्ट परत आणलाय आणि सध्या चिआंग माईच्या एका शाळेशी ती स्वतःच बोलतेय.