मेट संग्रहालयाचा मुक्त चित्रसंग्रह

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियम ऑफ आर्टने फेब्रुवारी २०१७मध्ये आपल्या संग्रहातील पावणेचार लाखांहून अधिक प्रतिमा सीसी झीरो या परवान्याखाली खुल्या केल्या. याचा अर्थ असा, की त्या उतरवून घेऊन पुस्तकाच्या मुखपृष्ठावर, दिवाळी अंकात किंवा विक्रीच्या भेटकार्डावर छापण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही आणि शुल्कही द्यावे लागत नाही. चित्राचे श्रेय देणे बंधनकारक नसले तरी ते द्यावे, असे मला वाटते.

संग्रहालयाच्या संकेतस्थळावरील शोधाच्या चौकटीत शब्द लिहून ‘ओपन ॲक्सेस’ हा पर्याय निवडला की मुक्त चित्रेच समोर राहतात. व्हॅन गॉगचे सायप्रस वृक्षांसह गव्हाचे शेत किंवा होकुसाईची कानागावाची लाट येथे मिळतेच, परंतु मराठी वाचकाने आधी दख्खनी चित्रशैलीचा शोध घ्यावा. विजापूर आणि गोवळकोंडा येथील लघुचित्रांतील सोनेरी वेलबुट्टी आणि वस्त्रांवरील बारीक नक्षी पडद्यावर मोठी करून पाहताना छापील पुस्तकातील पुसट चित्रांची सवय पार मोडते. प्रत्येक चित्रासोबत काळ, माध्यम, मापे आणि बहुतेकदा पूर्वीच्या मालकांची नोंद असते, हे तर अभ्यासकाला घबाडच.

मर्यादा दोन आहेत. शोध इंग्रजीतूनच घ्यावा लागतो, त्यामुळे नावांची जुनी स्पेलिंगे आजमावावी लागतात. शिवाय पिकासोसारख्या चित्रकारांच्या कृती स्वामित्वहक्काखाली असल्याने या मुक्त संग्रहात नाहीत.