रविवारची सकाळ: व्हॅक्सिन डेपो की राजहंसगड?

लहान मुले आणि आजी-आजोबा यांना एकत्र घेऊन कुठे जावे, असा प्रश्न बेळगावातील अनेक घरांत पडतो. टिळकवाडीतील व्हॅक्सिन डेपो हा झाडीचा मोकळा परिसर जवळ आहे, तिथे सपाट वाट आहे आणि जुन्या झाडांची दाट सावली आहे. त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनाही सावकाश फेरी मारता येते आणि मुले वाळलेल्या पानांत, शेंगांत रमून जातात. खर्च जवळपास नाहीच. खाऊ आणि पाणी मात्र घरूनच न्यावे.

येळ्ळूरचा राजहंसगड शहराबाहेर असल्याने स्वतःचे वाहन असलेले बरे. वर सावली फारच कमी, त्यामुळे उन्हाळ्यात सकाळी लवकर जाऊन ऊन चढण्याआधी उतरावे. पावसाळ्यात मात्र तटावरून दिसणारी हिरवीगार भातशेती आणि अंगावर येणारा वारा यांची सर डेपोला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. फक्त ओल्या दगडांवर मुलांचा हात सोडू नये. शिवरायांच्या भव्य पुतळ्यापाशी, ज्याचे अनावरण 2023 मध्ये झाले, मुलांचे प्रश्न संपत नाहीत.

रोजच्या फेरीसाठी आणि वृद्धांसाठी डेपो योग्य. सात-आठ वर्षांपुढील मुलांना अर्धा दिवस द्यायचा असेल, तर राजहंसगड निवडावा.