फिरतीच्या अकाउंट्सच्या कामाला ११ इंची छोटा लॅपटॉप कसा आहे

कोल्हापुरात उद्यमनगर, शिरोली असं दिवसभर फिरून मी छोट्या वर्कशॉपवाल्यांचं अकाउंट्स बघते, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधल्या एंट्र्या, बिलं, जीएसटी रिटर्न वगैरे. जुना पंधरा इंची लॅपटॉप चार्जरसकट खांद्याला अडकवून गाडीवर फिरायचं म्हणजे संध्याकाळी मान धरणारच, म्हणून यंदा ११.६ इंची घेतला. सेलेरॉन एन४५००, ८ जीबी रॅम, १२८ जीबी एसएसडी, वजन किलोच्या जरा वर, किंमत वीस हजारांच्या आतबाहेर. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण या साइजमध्ये आतला माल बऱ्याच जणांचा सारखाच असतो.

वजनाचं सुख तर आहेच, मोठ्या पर्समध्ये आरामात बसतो, पण मला त्याहून जास्त आवडलं ते म्हणजे याला फॅनच नाही. फाउंड्रीच्या ऑफिसात टेबलावर कायम वाळूची नि लोखंडाची बारीक काळी धूळ असते, जुन्याचा फॅन ती आत ओढून घ्यायचा आणि मग उघडून साफ करून आणायचं कामच होऊन बसायचं. एन४५०० हा ६ वॅटचा प्रोसेसर आहे त्यामुळं फॅनशिवाय भागतं. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडखाली बूड गरम होतं आणि मग जरा स्लो पडतो, तेवढं चालतंय. याच प्रोसेसरचे फॅनवाले पण येतात, तेव्हा घेताना खाली जाळी आहे का बघा.

स्पीड म्हणाल तर टॅली, एक्सेल आणि क्रोममध्ये चारपाच टॅब एवढ्याला काही अडत नाही. जीएसटीची दर महिन्याची रिटर्न्स, ११ तारखेचं जीएसटीआर-१ आणि २० चं ३बी, दोन्ही यावरच भरते, डीएससीचा म्हणजे डिजिटल सहीचा डोंगल लावून सही पण होते. त्यात व्हॉट्सॅप वेब, दोन पीडीएफ आणि वर व्हिडिओ कॉल घेतला की मात्र दम लागतो, शेवटी दोनच कोर आहेत.

खरा त्रास कीबोर्डचा. नमपॅड, म्हणजे उजवीकडचा आकड्यांचा वेगळा भाग, नाही! दिवसभर आकडे मारणाऱ्या माणसाला वरच्या ओळीतले नंबर म्हणजे शिक्षा आहे, बोट चुकतं, ५ चा ६ होतो आणि मग फरक शोधत बसा. मी वेगळा यूएसबी नमपॅड घेतला तेव्हा कुठं जीवात जीव आला, तो खर्च आधीच धरून चाला.

स्क्रीन टीएन पॅनेलची आहे. समोर बसलं की ठीक, पण शेजारी उभारलेल्या मालकांना लेजर दाखवायचं तर त्यांना रंग उलटेच दिसतात, दरवेळी लॅपटॉप फिरवून द्यायला लागतो. शटरजवळ उजेडात बसलं तर ब्राइटनेस फुल करून पण डोळे बारीक करावे लागतात.

आता महत्त्वाचं. थोडे पैसे वाचतात म्हणून ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी ईएमएमसीवाला (एसएसडीऐवजी असणारं स्वस्तातलं स्टोरेज) अजिबात घेऊ नका. विंडोज ११ ला किमान तेवढंच लागतं असं मायक्रोसॉफ्टच सांगतं, म्हणजे तुमच्या कामाला शिल्लक काय राहणार? मोठा अपडेट आला की जागा नाही म्हणून अडून बसतो, आणि ईएमएमसी बोर्डालाच सोल्डर असते, बदलून मिळत नाही. जिओचा छोटा लॅपटॉप जिओबुक, त्याचं नवं मॉडेल २०२३ मध्ये आलं तेव्हा ९९० ग्रॅम वजन बघून मला पण मोह झालेला, पण त्यात जिओ ओएस, विंडोज नाही, म्हणून टॅलीवाल्यांनी तिकडं बघूच नका.

राजारामपुरीत घ्यायला गेलात तर बॉक्स उघडून विंडोज एस मोडमध्ये आहे का बघा. असेल तर मायक्रोसॉफ्टच्या ॲप स्टोअरबाहेरचं काही इन्स्टॉल होत नाही, टॅली पण नाही. एस मोड काढायला पैसे पडत नाहीत, सेटिंगमधून होतं, फक्त परत लावता येत नाही. आणि चार्जर टाइप-सी आहे की जुन्या पिनचा तेवढं विचारून घ्या, टाइप-सी असला तर जास्त वॅटच्या मोबाइल चार्जरवर भागतंय का ते दुकानातच लावून बघायचं.