लॅम्डाच्या शोधासाठी डार्क एनर्जी सर्व्हेची दीर्घिका-सूची: एक परीक्षण

चिलीतील सेरो टोलोलो येथे चार मीटर व्यासाच्या ब्लँको दुर्बिणीवर बसवलेल्या ५७० मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने डार्क एनर्जी सर्व्हे या सर्वेक्षणासाठी २०१३ ते २०१९ या काळात दक्षिण आकाशाचा सुमारे ५,००० चौरस अंशांचा पट्टा पुन्हा पुन्हा टिपला. त्यातील पहिल्या तीन वर्षांच्या निरीक्षणांवरून १० कोटींहून अधिक दीर्घिकांच्या आकारांची सूची तयार झाली असून ती कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येते. या सूचीच्या बळावर आइनस्टाइनच्या वैश्विक स्थिरांकाला, म्हणजे विश्वाच्या प्रसरणाला वेग देणाऱ्या लॅम्डाला, कितपत अचूकतेने जखडता येते, एवढ्याच प्रश्नापुरते हे परीक्षण आहे. विश्वातील पदार्थ किती गुठळ्यागुठळ्यांनी साठला आहे, हे मोजायला ही सूची अव्वल आहे. लॅम्डासाठी मात्र तिला सोबत लागते.

दूरच्या दीर्घिकांचा प्रकाश वाटेतल्या पदार्थाच्या गुरुत्वामुळे किंचित वाकतो आणि त्यांच्या प्रतिमा साधारण एक टक्क्याने ताणल्या जातात. लॅम्डाचा ठसा या ताणावर दोन वाटांनी उमटतो: तो अंतरांचे गणित बदलतो आणि अलीकडच्या काळात पदार्थाच्या गुठळ्या वाढण्याचा वेग मंदावतो. अडचण अशी की दीर्घिका मुळातच या ताणाच्या कितीतरी पट लांबट असतात, त्यामुळे एकट्या दीर्घिकेवरून काहीच कळत नाही आणि कोट्यवधींची सरासरी काढावी लागते. अशा सरासरीत मोजमापाचा बारीकसा पूर्वग्रहही नाहीसा होत नाही, उलट तोच उठून दिसतो.

म्हणूनच या सूचीतील मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे तिचे अंशांकन, म्हणजे मोजमापातली चूक शोधून ती दुरुस्त करण्याची पद्धत. प्रत्येक दीर्घिकेचा आकार येथे पाचदा मोजलेला आहे: एकदा जसाच्या तसा, आणि चारदा तिच्या प्रतिमेला ताणाच्या दोन घटकांत (दिशांत), धन व ऋण अशा दोन्ही बाजूंनी, ०.०१ इतका कृत्रिम ताण देऊन. कृत्रिम ताणाला मोजमाप किती प्रतिसाद देते, हे खऱ्या प्रतिमांवरच कळत असल्याने दुरुस्तीचा मोठा भाग निरीक्षणांतूनच निघतो. नवख्या अभ्यासकाने पहिल्या मोजमापाचे रकाने तेवढे उचलून सरासरी काढली, तर उत्तर चुकणार हे नक्की. शिवाय दीर्घिका निवडण्याच्या निकषांवरही ताणाचा परिणाम होत असल्याने निवडीचा प्रतिसादही वेगळा काढावा लागतो. एकमेकींना चिकटून दिसणाऱ्या दीर्घिकांमुळे मोजलेल्या ताणात उरणारी सुमारे दोन टक्क्यांची घट मात्र या पद्धतीने पकडता येत नाही आणि तिच्यासाठी संगणकावर तयार केलेल्या प्रतिरूप प्रतिमांचाच आधार घ्यावा लागतो. ही मर्यादा सर्वेक्षणाच्या शास्त्रज्ञांनी स्वतःच मोजून जाहीर केली आहे, आणि अशा मोकळेपणामुळेच विश्वास बसतो. अंतिम निष्कर्ष ठरेपर्यंत विश्लेषकांपासून खरे आकडे झाकून ठेवण्याची शिस्तही त्यांनी पाळली.

ताम्रसृतीच्या, म्हणजे ज्यावरून दीर्घिकेचे अंतर काढतात त्या प्रकाशाच्या तांबडेपणाकडील सरकण्याच्या, बाबतीत मात्र सूची तितकी भक्कम नाही. दीर्घिका चार अंतरगटांत विभागल्या आहेत, पण ही विभागणी वर्णपटावरून नव्हे, मोजक्या रंगपट्ट्यांतील तेजावरून केलेली आहे. काही छोट्या क्षेत्रांतील अधिक खोल, अवरक्त पट्ट्यांसह घेतलेल्या निरीक्षणांनी तिला आधार दिला असला, तरी गटाचे सरासरी अंतर जरासे सरकले की पदार्थाच्या गुठळ्यांचे मापही सरकते.

आता निष्कर्षांकडे. आकारांचा ताण, दीर्घिकांचे वितरण आणि या दोहोंचा परस्परसंबंध एकत्र घेतल्यावर २०२१ मध्ये पदार्थाच्या गुठळ्यांचे एस-८ हे माप ०.७७६ आले व अनिश्चितता ०.०१७ ठरली. प्लँक उपग्रहाने मोजलेल्या, विश्वाच्या बाल्यावस्थेतून आलेल्या आदिम प्रारणावरून येणारे ०.८३ च्या आसपासचे मूल्य यापेक्षा थोडे अधिक आहे. कृष्ण ऊर्जेचा (विश्वाच्या प्रसरणाला वेग देणाऱ्या ऊर्जेचा; लॅम्डा हे तिचे एक संभाव्य रूप) दाब आणि घनता यांचे गुणोत्तर, जे लॅम्डासाठी नेमके उणे १ असायला हवे, ते याच निरीक्षणांतून उणे ०.९८ आले, पण त्याची अनिश्चितता एका बाजूला ०.३२ आणि दुसऱ्या बाजूला ०.२० इतकी मोठी आहे. लॅम्डाशी हा आकडा जुळतो हे खरे, पण एवढ्या रुंद पट्ट्यात लॅम्डाचे कित्येक प्रतिस्पर्धीही आरामात बसतात. प्लँक, अतिनवतारे (स्फोट होणारे तारे) आणि दीर्घिका-वितरणात उरलेल्या, आरंभीच्या विश्वातील ध्वनिलहरींच्या खुणा यांची जोड दिल्यावरच अनिश्चितता ०.०३ पर्यंत खाली येते.

शेजारच्या दीर्घिका मुळातच एका दिशेला कललेल्या असण्याची शक्यता आणि दीर्घिकांच्या केंद्रांतून बाहेर फेकला जाणारा वायू, या दोन कारणांनी लहान कोनांवरची, म्हणजे आकाशात जवळजवळ दिसणाऱ्या दीर्घिकांची, बरीचशी मोजमापे वगळावी लागतात. मला ही काटछाट योग्य वाटते, कारण न समजलेल्या भौतिकीवर उभी केलेली अचूकता काय कामाची? ताम्रसृतीला सर्वाधिक महत्त्व देणाऱ्याने नऊ रंगपट्ट्यांत घेतलेले, क्षेत्रफळाने लहान असलेले किड्स हे दुसरे दीर्घिका-सर्वेक्षणही जरूर पाहावे. तेथील २०२५ च्या अंतिम विश्लेषणात एस-८ चे मूल्य ०.८१५ पर्यंत वर जाऊन प्लँकशी जुळले, आणि त्या बदलामागे सुधारलेल्या ताम्रसृती-अंशांकनाचा मोठा वाटा आहे. डार्क एनर्जी सर्व्हेच्या सूचीवर काम करताना चारही गटांची सरासरी अंतरे ठरीव न मानता मुक्त सोडूनच गणित मांडावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.