तुवालूचा चांदीचा 1 डॉलर: सांगलीत घेताना

तुवालू हा पॅसिफिक महासागरातला छोटा बेटदेश. त्याच्या या चांदीच्या नाण्याचं वजन 31.1 ग्रॅम, म्हणजे एक ट्रॉय औंस, जुन्या 11.66 ग्रॅमच्या तोळ्याने 2.67 तोळे. दर्शनी किंमत फक्त 1 डॉलर, त्यामुळे भाव ठरतो तो चांदीवर आणि नक्षीच्या हौसेवर. सांगलीच्या सराफात मोडायला नेलं तर हौसेचे पैसे मिळत नाहीत, चांदीचेच मिळतात. दिवसाच्या चांदीभावाच्या दीडपट मागितली तर सरळ उठावं.

तुवालूने स्वतःच्या नोटा कधी छापल्याच नाहीत. व्यवहार ऑस्ट्रेलियन डॉलरचा. नाणी मात्र 1976 पासून आहेत, म्हणजे 1978 च्या स्वातंत्र्याआधीपासून. तो जुना चलनी डॉलर नऊ कोनांचा, त्यावर समुद्री कासव. चांदीचं नाणं दाखवून कुणी 'तिकडे बाजारात चालतं' म्हणालं, तर कपाळावर हात मारावा.

पारख अशी: आधी काटा, मग चुंबक. चांदी चिकटत नाही, पण तांबं-पितळही चिकटत नाही, म्हणून तेवढ्यावर थांबू नये. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून त्यात नाणं दोऱ्याने टांगून बुडवलं, की पेल्याचं वजन साधारण 2.96 ग्रॅमने वाढायला हवं. साडेतीन दिसलं तर आत दुसरा धातू. नाणं नंतर मऊ कापडाने टिपून घ्यावं, घासू नये. कसोटीवर तर मुळीच नाही!

पांढरे दुधाळ ठिपके हा नव्या चांदीच्या नाण्यांचा नेहमीचा दोष. रिठा, रांगोळी, टूथपेस्ट लावाल तर ठिपका राहील आणि चकाकी जाईल. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात हिरवट चिकट थर येतो. कडक कॅप्सूलच घ्यावी, पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी.